मदतीचं माप

आमच्या नगरच्या केडगावात रिक्षा चालवायची तर बॅज लागतो. घराची वायरिंग करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. रेणुकामातेच्या नवरात्रात भेळेची गाडी लावायची म्हटली तरी अन्न परवान्याचा कागद जवळ ठेवावा लागतो. पण उद्या कुठं पूर आला, दरड कोसळली किंवा भूकंप झाला, तर छातीवर संस्थेचं नाव छापलेलं जाकीट चढवून, सगळं गमावलेल्या माणसांच्या छावणीत शिरायला कुणाला काहीच दाखवावं लागत नाही. पुण्याच्या रस्त्याला लागलेल्या टेंपोत जागा मिळाली की मदतकार्य सुरू. मीही तशीच सुरू झाले, आणि तीसेक वर्षं त्यातच राहिले. संस्था बदलल्या, जाकिटांचे रंग बदलले, आपत्त्या बदलल्या. या कामाला काही नियम, काही परीक्षा, काही परवाना असावा का, हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकला आणि घातलाही. आता काय वाटतं ते लिहिते.

सुरुवात एका फाइलपासून करते. फाइल माझी नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका छावणीत मी समन्वयक होते. धान्याची किटं वाटायचं काम एका तरुणाकडे होतं. बोलायला गोड, कामाला वाघ. रात्री अकराला ट्रक आला तरी पोती उतरवायला हा पुढे. एके सकाळी टँकरपाशी पाणी भरत असलेल्या एका बाईनं माझ्याकडे न बघता, हंड्यात बघतच सांगितलं, ‘ताई, त्या दादांना म्हणावं, किट द्यायला रात्री पालात येत जाऊ नका.’ एवढंच. हंडा भरला, तिनं तो डोक्यावर घेतला आणि ती गेली. मी संस्थेला कळवलं. चौकशी झाली. आणखी दोघी बोलल्या. माणसाला काढलं. काढलं म्हणजे काय, तर राजीनामा लिहून घेतला आणि अनुभवाचं प्रमाणपत्र दिलं. त्यावर ‘वर्तणूक समाधानकारक’ असं छापलेलंच असतं. ते खोडायची तसदी कोण घेणार? प्रकरण वाढलं तर देणगीदार बिथरतील, ही खरी भीती.

पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या संस्थेच्या जाकिटात तो भेटला. ‘मॅडम, ओळखलंत का?’ म्हणाला. त्या संस्थेच्या प्रमुखांशी मी बोलले. त्यांनी त्याची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. प्रथमोपचार, मानसिक आधार, पूर बचाव, सगळी प्रशिक्षणं झालेली, प्रत्येकाचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या कव्हरात. बालसंरक्षणाचंही होतं. प्रमुख म्हणाले, ‘तुमच्याकडे लेखी काही आहे का?’ माझ्याकडे लेखी काही नव्हतं, कारण कुणी काही लिहिलंच नव्हतं.

त्या दिवसापासून प्रमाणपत्र या गोष्टीकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागले. डॉक्टरनं गैरप्रकार केला तर वैद्यक परिषद त्याची नोंदणी रद्द करू शकते. ड्रायव्हरचं लायसन्स जप्त होतं. आमच्या कामात द्यायला कागद पुष्कळ आहेत. काढून घ्यायची सोय कुठेच नाही. आणि जो कागद काढून घेता येत नाही, त्याची छावणीतल्या बाईला काडीची किंमत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. हैतीत २०१० साली भूकंप झाला. तिथं काम करताना ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी गैरवर्तन केलं, २०११ मध्ये काहींना काढलं, काहींचा राजीनामा घेतला, आणि त्यातल्या मोठ्या पदावरच्या एकाला पुढे दुसऱ्या संस्थेनं बांगलादेशात कामावर घेतलं. हे सगळं फेब्रुवारी २०१८ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात आलं तेव्हा जगाला कळलं. त्यानंतर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी एक व्यवस्था सुरू केली: नोकरीला घेताना आधीच्या संस्थेला विचारायचं, या माणसावर गैरवर्तनाचा ठपका आहे का, आणि आधीच्या संस्थेनं खरं उत्तर द्यायचं. इतकी साधी गोष्ट सुरू व्हायला इतकी वर्षं लागली. आपल्या जिल्ह्यातल्या लहान संस्था, मंडळं, ट्रस्ट या व्यवस्थेत अर्थातच नाहीत.

आता माझी सुरुवात. मी समाजकार्याचं शिक्षण नगरमध्ये घेतलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनाची रात्र उलटता उलटता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी विद्यार्थिनी होते. सरकारी आकड्यानुसार आठ हजारांजवळ माणसं गेली. शिक्षकांबरोबर आम्ही पोरं-पोरी निघालो. गाडीत भाकरी, गोधड्या आणि कोऱ्या कागदांचे गठ्ठे. आमच्याकडे सर्वेक्षणाचं काम होतं. घरात किती माणसं होती, किती गेली, वय काय, जमीन किती. पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई बसली होती. मी पहिला प्रश्न विचारायच्या आतच ती पाठ केल्यासारखं सांगायला लागली. सासरा, सासू, नवरा, थोरली, धाकटा, या क्रमानं, वयासकट. माझ्या तक्त्यातले रकाने ज्या क्रमानं होते, त्याच क्रमानं. आधी येऊन गेलेल्या संस्थांच्या तक्त्यांतही तोच क्रम असणार. सांगून झाल्यावर म्हणाली, ‘झालं का? आता उद्या कोण येणार हाय?’

रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेले. त्यांत शहरातल्या बायकांच्या जरीच्या साड्या होत्या, शाळेचे टाय होते, एकेकटे बूट होते. कपड्यांबद्दल सगळेच लिहितात. मला तो प्रश्नांचा क्रम जास्त त्रास देतो. एकच जखम दहा जणांनी दहा वेळा उघडून बघायची, आणि त्यातल्या कुणालाही, आधी कोण येऊन गेलं, एवढं विचारायचं बंधन नाही. आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारलं तरी ती सांगेल की रुग्णाची माहिती एका जागी लिहितात आणि सगळ्यांनी तीच वाचायची असते.

नियम असतात, मापं असतात, हे मला पहिल्यांदा कळलं ते भूजमध्ये. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर मी काही महिने कच्छमध्ये होते. आमच्या तुकडीत एक अनुभवी परिचारिका होती. तिच्या पिशवीत एक जाड इंग्रजी पुस्तक असायचं: स्फिअरची हस्तपुस्तिका, आपत्तीतल्या मदतीच्या किमान मापांची. त्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती आदल्याच वर्षी निघाली होती. माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त अडीचशे माणसं, वीस माणसांमागे एक संडास, झोपायला-बसायला माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, पोटात २१०० उष्मांक. बाईंनी हे आकडे तोंडपाठ केले होते आणि त्या भांडताना वापरायच्या. अधिकाऱ्याशी भांडताना, कंत्राटदाराशी भांडताना, आमच्याशी भांडताना. ‘दया नको, हिशोब दाखवा,’ हे त्यांचं पालुपद.

या मापांमागे मोठी नामुष्की आहे. १९९४ मध्ये रवांडातला नरसंहार झाला आणि जुलैमध्ये काही दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं सीमा ओलांडून गोमा गावाशेजारी येऊन पडली. ज्वालामुखीच्या खडकाची जमीन, संडास खणता येईना, पाणी नाही. पहिल्या महिनाभरातच सुमारे पन्नास हजार माणसं मेली, बहुतेक कॉलरानं आणि आमांशानं. मदत करणाऱ्या संस्थांचा मात्र सुळसुळाट झाला होता. १९९६ च्या संयुक्त मूल्यमापनात स्पष्ट म्हटलं गेलं की त्यांतल्या काहींना कामच येत नव्हतं. त्यातून १९९७ मध्ये स्फिअर सुरू झालं. माणूस मदतीला धावला म्हणजे त्याला मदत करता येते असं नाही, हे मान्य करायला एवढे मुडदे पडावे लागले.

आता मी केडगावात अधूनमधून तरुण स्वयंसेवकांची शिबिरं घेते. तिथं व्याख्यान देत नाही. मंगल कार्यालयाच्या फरशीवर खडूनं एक चौकोन काढते. साडेतीन चौरस मीटर म्हणजे साधारण ३८ चौरस फूट. त्यात एकाला झोपायला सांगते, शेजारी त्याची बॅग, बादली, चपला. मग पाच माणसांच्या घराचा चौकोन काढते, म्हणजे १९० चौरस फुटांच्या आत. त्यात पाच जणांना बसवते आणि सांगते, आता तुमच्यातली एक बाळंतीण आहे, एक म्हातारा खोकतोय, आणि बाहेर पाऊस आहे. पहिली पाच मिनिटं पोरं हसतात.

एका शिबिरात त्या चौकोनाकडे बघत एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आमची कोपी याच्याहून लहान असती.’ ऊसतोड कामगाराचा मुलगा. वर्षातले पाच-सहा महिने आईबाप कारखान्यावर, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत. जगानं सर्वस्व हरवलेल्या निर्वासितासाठी जी किमान जागा ठरवली, तेवढीही या जिल्ह्याला साखर देणाऱ्या माणसाला मिळत नाही, आणि ती आपत्ती म्हणून कुठे नोंदलेलीही नाही. त्या मुलाला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिबिर पुढे चालू ठेवलं.

माप हातात आलं की माणूस कसा बदलतो, हे मला शिकवलं ते जनावरांच्या छावणीनं. २०१८-१९ चा दुष्काळ. राज्यात सर्वाधिक चारा छावण्या ज्या जिल्ह्यांत उघडल्या त्यांत आमचा नगर होता. एका छावणीत संस्थेच्या वतीनं देखरेखीला मी होते. सरकारी निर्णयात सगळं लिहिलेलं. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो हिरवा चारा, लहान जनावराला त्याच्या निम्मा. पुढे हे प्रमाण वाढवलं. चालकाला मोठ्या जनावरामागे आधी ७०, मग ९०, मग १०० रुपये. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला, रोजची नोंद, चित्रीकरण. लोक या नियमांची चेष्टा करायचे, आणि नियम असूनही घोटाळ्यांच्या बातम्या आल्याच.

पण आमच्या छावणीत एक म्हातारे शेतकरी होते. दोन गाई, एक कालवड. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरून कांदा तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला आणि दावणीशेजारच्या बाभळीला टांगला. ऊस आला, वाढे आले, की आधी मोळी काट्याला लावायची, आकडा बघायचा, मग गव्हाणीत टाकायची. मोळी कमी भरली की तशीच खांद्यावर घेऊन चालकाच्या तंबूत. आरडाओरडा नाही. ‘साडेबारा भरली. अडीच द्या.’ पहिले दोन दिवस चालकाची माणसं वैतागली. चौथ्या दिवशी त्या बाभळीखाली रांग लागली. आठवडाभरात मोळ्या पूर्ण वजनाच्या यायला लागल्या. त्या आजोबांना संस्थेनं प्रशिक्षण दिलं नव्हतं, जागृतीचं पथनाट्य दाखवलं नव्हतं. पंधरा हा आकडा कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवला होता, इतकंच. जनावरांच्या मदतीसाठीही स्फिअरसारखीच आंतरराष्ट्रीय मानकं २००९ पासून आहेत, हे मला नंतर समजलं. त्या पुस्तकात असा काटा कुठे नाही.

किमान किती, हे भांडण या मातीत जुनंच आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात ब्रिटिश सरकारच्या रिचर्ड टेंपलनं कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आणलं. दगड फोडणाऱ्या माणसाला साडेचारशे ग्रॅम. १८७७ च्या सुरुवातीला दख्खनमधल्या दुष्काळी कामांवरची माणसं काम सोडून निघाली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे लेखी मांडली. मद्रासमध्ये डॉ. कॉर्निश हा सरकारचाच आरोग्य अधिकारी म्हणत होता की एवढ्यावर माणूस जगणार नाही. पुढे १८८० चा दुष्काळ आयोग आणि त्यातून दुष्काळ संहिता आल्या. म्हणजे मदतीचं लेखी माप आपल्याकडे स्फिअरच्या शंभर वर्षं आधी होतं. ते मिळालं ते उपाशी माणसं काम टाकून चालायला लागल्यावर.

आजही कायदा आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितलं आहे, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं ते २०१६ मध्ये ठरवले. माणशी साडेतीन चौरस मीटर, ३ लिटर पिण्याचं पाणी, मोठ्या माणसाला २४०० उष्मांक, लहान मुलाला १७००, तीस माणसांमागे एक शौचालय, तेही छावणीपासून ५० मीटरच्या आत. हे किती जणांना माहीत आहे? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली, त्याच दिवसांत मी तिकडच्या एका शाळेतल्या छावणीत होते. साडेतीनशेच्या वर माणसं आणि चार शौचालयं, त्यातल्या एकाला कुलूप, कारण ते शिक्षकांचं. बायका दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हत्या. रात्री अंधारात जायला नको म्हणून. बाहेरच्या व्हरांड्यात पाण्याच्या बाटल्यांचे खोके छताला लागले होते.

मी वर्गातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं: ३० माणसं, १ शौचालय. सरकारचा नियम. खाली प्राधिकरणाचं नाव आणि साल. दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला होता; व्यवस्था बघणाऱ्या एका पुढाऱ्याला ते ‘वातावरण बिघडवणारं’ वाटलं. पण तोवर तो आकडा बायकांच्या तोंडी बसला होता. अधिकारी पाहणीला आले तेव्हा एका आजीनं पाणी मागितलं नाही, चादर मागितली नाही. ‘साहेब, तीसाला एक म्हणं. आमाला शंभराला एक हाय,’ म्हणाली. फिरतं शौचालय दोन दिवसांत आलं, कुलूप तर त्याच संध्याकाळी निघालं.

मग माणसांच्या प्रमाणपत्राचं काय? वादाची दुसरी बाजू अशी. २०१० च्या सुमाराला परदेशात या क्षेत्राला रीतसर व्यवसाय करायचा विचार जोरात सुरू झाला. डॉक्टर, वकील यांच्यासारखी क्षमतांची यादी, पायऱ्या, नोंदणी, सदस्यत्व. २०१४ मध्ये संस्थांसाठी नऊ बांधिलक्यांचं एक सामाईक मानक आलं. तक्रार ऐकून घेणं ही त्यातली पाचवी. त्यावर बाहेरच्या परीक्षकाकडून संस्था तपासून घेता येते. व्यक्तींसाठी संगणकावरचे बिल्ले निघाले. कल्पना चांगली. पण ती आपल्याकडे पोचेपर्यंत तिचं काय होतं, ते टाळेबंदीत बघितलं. २०२० च्या त्या महिन्यांत पुण्याहून निघालेले मजूर केडगावच्या रस्त्यानं चालत मराठवाड्याकडे जात होते, आणि माझ्या मोबाइलवर प्रमाणपत्रांचा पाऊस पडत होता. तासाभराचं ऑनलाइन व्याख्यान, शेवटी दहा प्रश्न, नापास कुणी नाही. ‘कोविड योद्धा’ तर मला तीन ठिकाणांहून मिळालं. त्यातल्या एका संस्थेला मी आजवर भेटलेले नाही.

उलट जामखेड बघा. नगरपासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. कित्येक जणी निरक्षर, दलित वस्तीतल्या, परित्यक्ता. त्यांना नाडी बघायला, अवघड बाळंतपण ओळखायला, जंतुसंसर्ग टाळायला शिकवलं. कसं? आठवड्याला जमायचं, गावात काय झालं ते सांगायचं, चुकलं तिथं दुरुस्त करायचं, पुन्हा गावात जायचं, पुन्हा पुढच्या आठवड्याला जमायचं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक हे काम शिकायला आले. त्या बायकांपैकी एकीलाही इंग्रजीतली ऑनलाइन परीक्षा पास होता आली नसती. आपत्तीच्या कामाची परीक्षा उद्या कागदावर आणि इंग्रजीत घेतली, तर त्यातून नेमकं कोण गळेल हे मी आज सांगू शकते. छावणीत सगळ्यांआधी पोचणारी, चूल पेटवणारी, कुणाच्या घरात दिवस गेलेली सून आहे हे न विचारता ओळखणारी बचत गटातली बाई गळेल. फाइलवाला पास होईल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. परीक्षा घ्या, पण हातांची घ्या, मराठीत घ्या, आणि पुन:पुन्हा घ्या. पाणी शुद्ध करून दाखव. लाभार्थ्यांची यादी भिंतीवर लाव आणि त्यावर हरकत आली तर काय करशील ते करून दाखव. एखादी बाई कुजबुजत काही सांगू लागली तर काय विचारशील, काय विचारणार नाहीस, आणि कुणाला कळवशील ते सांग. सरकारच्या आपदा मित्र योजनेत बारा दिवसांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं, ओळखपत्र, विमा आणि साहित्य मिळतं. ही चांगली सुरुवात आहे. तिचा भर बचावावर आहे, दोर, बोट, प्रथमोपचार. छावणीतल्या पुढच्या चार महिन्यांचं शिक्षण अजून कुणी रीतसर देत नाही. बुडणाऱ्याला बाहेर काढणं थोड्या तासांचं काम असतं. त्याला माणसासारखं ठेवणं फार लांबतं.

आणि माप कार्यकर्त्यालाही हवं. मानधनावर राबणारी पोरं मी बघितली आहेत, प्रकल्प संपला की घरी, लेप्टोचा ताप आला तर खर्च स्वतःचा. प्रेतं उचलून आलेल्या एका मुलाला दुसऱ्या दिवशी अहवाल टाइप करायला बसवलेलं बघितलं आहे. विमा नाही, सुट्टी नाही, कुणाशी बोलायची सोय नाही, आणि वर ‘सेवा आहे ही, नोकरी नव्हे’ असं ऐकवायचं. सेवा म्हटलं की पगार विचारायचा नाही आणि हिशोबही विचारायचा नाही, अशी आपल्याकडे सोयीची समजूत आहे. या समजुतीनंच तो फाइलवाला वाचला.

परवान्याचं मूळ काम हुशार माणूस निवडणं नव्हे, धोक्याच्या माणसाला अडवणं आहे, असं माझं मत झालं आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर एक साधी नोंदवही पुरे. आपत्तीत काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं आणि मंडळानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आपल्या माणसांची नावं द्यायची, ओळखपत्रं तिथूनच घ्यायची, आणि चौकशीत ठपका आला तर ते तिथंच जमा करायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे, तो विनावेतन स्वयंसेवकालाही लागू आहे, आणि जिल्ह्यात त्यासाठी स्थानिक समिती असते. छावणीच्या दारावर त्या समितीचा फोन नंबर लिहायला किती खर्च येतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या सीना नदीनं खाली सोलापूरकडे घरं आणि शेतं बुडवली, आपल्या जिल्ह्यातही अतिवृष्टी झाली, तेव्हा केडगावातून पुन्हा टेंपो निघाले. लोकांनी हात आखडता घेतला नाही. या गावानं तो कधीच घेतला नाही. पुढच्या वेळी मदत मागायला कुणी दारात आलं तर जरूर द्या, पण तीन गोष्टी विचारा: यादी कुणी केली, तक्रार कुणाकडे करायची, आणि हिशोब कुठे लावणार. चांगल्या कार्यकर्त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि एक काम या आठवड्यातच करता येईल. आपल्या घराजवळची शाळा किंवा मंगल कार्यालय, जिथं उद्या आपल्यालाच नेऊन ठेवतील, तिथं जा. चालू स्थितीतली शौचालयं मोजा. तो आकडा तीसनं गुणा. तेवढीच माणसं तिथं ठेवता येतील. हा आकडा कागदावर लिहून महापालिकेत आणि तहसील कार्यालयात द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.